लिहिणारा तोच, विकणाराही तोच: डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांचं साटंलोटं

अनवट

आपल्या मंचावर जेनेरिक औषधांच्या (ब्रँडऐवजी घटकाच्या नावाने मिळणाऱ्या) धाग्यावर, म्हणजे चर्चेत, परवा चांगलीच जुंपली होती. तिथे कुणीतरी सहज लिहून गेलं, "डॉक्टरने औषध विकायचं नाही आणि औषधवाल्याने लिहून द्यायचं नाही, एवढा नियम केला की प्रश्न मिटला." तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. नियम चांगला आहे, फार जुना आहे, पण एकट्याच्या बळावर तो फारसं काही करू शकत नाही.

जुना म्हणजे किती? सिसिलीवर राज्य करणाऱ्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये मेल्फीची संहिता काढली. ती आणि तिला पुढे जोडलेले कायदे यांत हे सगळं आहे: वैद्याने औषधविक्रेत्याशी भागीदारी करायची नाही, स्वतःचं औषधाचं दुकान काढायचं नाही, औषध बनवणाऱ्याने शपथ घ्यायची आणि त्याच्यावर तपासनीस राहील. तेराव्या शतकात बंदी घालावी लागली, म्हणजे बंदी घालण्यासारखे उद्योग तेव्हाही चालू असणारच.

आता याची उलटी बाजू. लंडनमध्ये विल्यम रोझ नावाचा एक अपॉथेकरी होता, म्हणजे औषधं बनवून विकणारा. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय रुग्णाला औषध दिलं म्हणून वैद्यांच्या कॉलेजने, म्हणजे त्यांच्या संस्थेने, त्याला कोर्टात खेचलं. १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (संसदेचं वरिष्ठ सभागृह, तेव्हा शेवटचं अपील तिथेच) रोझच्या बाजूने निकाल दिला. अपॉथेकरींना रुग्णावर उपचार करायची वाट मोकळी झाली, पण एक मेख राहिली: पैसे घ्यायचे ते औषधाचे, सल्ल्याचे नाहीत. आता मला सांगा, सल्ल्याचा छदाम मिळत नाही आणि बाटलीचे मिळतात म्हटल्यावर "तुम्हाला काही झालेलं नाही, दोन दिवस आराम करा" असं तो कशाला सांगेल?

म्हणून विकतो कोण हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. पैसे नेमके कशाचे मिळतात, हे आधी बघायचं.

एक विनंती: "आमच्या ओळखीतल्या अमक्या डॉक्टरने" छापाचे नावागावासकट किस्से नकोत. त्याने चर्चा होत नाही, नुसती बदनामी होते आणि मग धागा उडतो.

वाचनमात्र

वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

खवचट मावशी

सम्राटाने बंदी घातल्यावर भागीदारी मेव्हण्याच्या नावावर गेली असणार. आठशे वर्षांत मेव्हणे काही कमी झालेले नाहीत.

गोळीवाला

मावशी, हसण्यावारी नेऊ नका, नावं खरंच फिरवली जातात. मी फार्मासिस्ट आहे, काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितो.

लोकांना वाटतं की साटंलोटं म्हणजे पाकीट. पाकीट हा सगळ्यात अडाणी प्रकार झाला. जास्त चालतं ते भाडं. दवाखाना आणि दुकान एकाच इमारतीत, जागा एकाची, भाडेकरू दुसरा, आणि भाडं बाजारभावापेक्षा खूप कमी किंवा खूप जास्त. ते वर जातंय की खाली, यावरून कोण कोणाला पोसतोय ते कळतं. त्यापुढचा प्रकार म्हणजे विक्रीच्या टक्केवारीवर ठरणारं भाडं. हे कागदावर अगदी सोज्वळ दिसतं. आणि एक प्रकार रुग्णाला कधी कळतच नाही: असा ब्रँड लिहायचा जो फक्त एकाच दुकानात मिळतो. रुग्ण चार दुकानं फिरून शेवटी तिथेच येतो, आणि वर म्हणतो, "बघा, यांच्याकडे सगळं मिळतं."

पण पैशापेक्षा मला जास्त खुपतं ते वेगळंच. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. घाईत चिठ्ठीवर "रोज एक" लिहिलं जातं. ही चूक जगभर होते, तिने माणसं मेली आहेत, म्हणून आम्हाला शिकवतानाच डोक्यात ठोकलेलं असतं की मेथोट्रेक्सेट दिसलं की थांबायचं. थांबलो की काय करायचं? फोन उचलायचा आणि विचारायचं, "साहेब, हे आठवड्याचं ना?" बहुतेक डॉक्टर "बरं झालं विचारलंत" म्हणतात. आता असं धरा की माझ्या दुकानातल्या दहापैकी नऊ चिठ्ठ्या त्याच डॉक्टरकडून येतात, जागाही त्याची आहे, आणि काल एका फोनवर तो चिडला होता. मेथोट्रेक्सेटसाठी मी तरीही फोन करीन. पण त्याच चिठ्ठीत एक अँटिबायोटिक उगाच आहे, दोन पित्ताच्या गोळ्या एकाच कामाच्या आहेत, त्यासाठी करीन? खरं सांगायचं तर हात जड होतो. चिठ्ठी तपासायला दुसरी नजर हवी म्हणून तर आम्हाला वेगळं बसवलंय, आणि तीच अशी मिंधी होते.

डॉ. निवृत्त

मी चाळीसेक वर्षं प्रॅक्टिस केली आणि त्यातला मोठा काळ स्वतःच औषधं दिली, म्हणजे या धाग्याच्या हिशेबात मी आरोपी. गोळीवाला यांचा फोनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण बाकीचा सूर एकांगी वाटतो.

जिथे जवळपास औषधाचं दुकान नाही, तिथे डॉक्टरने फक्त चिठ्ठी हातात ठेवायची? ताप चढलेलं पोर, रात्रीची वेळ, आणि चिठ्ठी. ब्रिटनसारख्या शिस्तीच्या देशातही ग्रामीण भागात दुकानापासून १ मैलाहून, म्हणजे १.६ किलोमीटरहून, जास्त लांब राहणाऱ्या रुग्णांना डॉक्टर औषध देऊ शकतात. फ्रान्समध्येही दुकान नसलेल्या भागात डॉक्टरला परवानगी मिळते. दुसरं असं की चिठ्ठी लिहिली म्हणजे औषध घेतलं गेलं असं नसतं. कितीतरी चिठ्ठ्या खिशातच राहतात. समोर पुडी बांधून, कधी घ्यायची ते सांगून दिली की घेतली जाते.

आणि दुकानदार काय धुतल्या तांदळासारखे असतात? ज्यात मार्जिन जास्त तो ब्रँड पुढे सरकवणारे मी पाहिलेत. माझ्या चिठ्ठीवर नसलेलं टॉनिक रुग्णाच्या पिशवीतून निघालेलंही पाहिलंय. संशय घ्यायचा तर दोघांवर घ्या.

गोळीवाला

डॉक्टरसाहेब, टॉनिकवाला मुद्दा मान्य. आमच्यातही आहेत.

तळटीप

मतं झाली, आता जिथे हे करून पाहिलंय तिथे काय झालं ते बघू.

दक्षिण कोरिया, २०००. त्याआधी तिथे डॉक्टर औषधं विकत आणि फार्मासिस्ट चिठ्ठीशिवाय देत, म्हणजे दोघंही दोन्ही कामं करत. सरकारने एका झटक्यात कामं वेगळी केली. डॉक्टरांनी त्या वर्षी वारंवार संप केले आणि सरकारला त्यांचं शुल्क वाढवून द्यावं लागलं. फायदा झाला का? विषाणूजन्य आजारांत, जिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नाही, तिथे ते लिहिण्याचं प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ७३ वर आलं. जिवाणूजन्य आजारांत ते जवळपास होतं तिथेच राहिलं. म्हणजे घट योग्य ठिकाणी झाली. पण ७३ टक्के हा आकडा पुन्हा एकदा वाचा. विक्रीतला नफा गेल्यावरसुद्धा विषाणूच्या आजारात चारातल्या जवळजवळ तिघांना अँटिबायोटिक मिळतच होतं. सवय, रुग्णाचा आग्रह, "काहीतरी द्या" ही अपेक्षा, यातलं काहीच कायद्याने जात नाही.

पुढे काय झालं तेही मजेशीर आहे. दुकानातला नफा बंद झाला, मग कंपन्यांकडून येणारा मलिदा महत्त्वाचा झाला. २०१० मध्ये देणारा आणि घेणारा दोघांनाही शिक्षा करणारा कायदा करावा लागला.

तैवानने १९९७ पासून टप्प्याटप्प्याने हेच केलं, पण एक पळवाट ठेवली: दवाखान्याने स्वतःचा फार्मासिस्ट नेमला तर औषध आतच देता येईल. दवाखान्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. फार्मासिस्ट नसलेल्या दवाखान्यांत औषधाचा खर्च कमी झाला. ज्यांनी पगारी फार्मासिस्ट आत बसवला तिथे काही फरक पडला नाही.

स्वित्झर्लंड तर आयती प्रयोगशाळा आहे. जर्मनभाषक भागातल्या बऱ्याच प्रांतांत डॉक्टर औषध विकू शकतो, फ्रेंचभाषक भागात सहसा नाही. तिथल्या एका अभ्यासात औषध विकणाऱ्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या रुग्णांमागे औषधाचा खर्च सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाला.

आणि डॉक्टरसाहेब, तुमचे ब्रिटनमधले ग्रामीण डॉक्टर. २०१९ मध्ये त्यांच्यावरही अभ्यास आला. कोलेस्टेरॉलच्या, पित्ताच्या आणि रक्तदाबाच्या दोन अशा एकूण चार औषधगटांत, स्वतः औषध देणाऱ्या दवाखान्यांनी महागडा पर्याय लिहिण्याची शक्यता जास्त होती. एकाच गटातली, जवळपास सारखाच गुण देणारी औषधं, त्यामुळे "आमचे रुग्ण जास्त आजारी असतात" ही सबब इथे फारशी चालत नाही.

डॉ. निवृत्त

आकडे पाहिले. नाकारत नाही. मात्र एक नोंद घ्या: "महाग लिहितात" म्हणजे "चुकीचं लिहितात" असं नव्हे. आणि त्या गावांतून हे दवाखाने बंद झाले तर रुग्णांचं काय होतं, याचा आकडा यात नाही.

तळटीप

बरोबर, नाही.

सांजवेळ

जपानमध्ये काही वर्षं राहिले आहे, तिथली एक गंमत सांगते. पूर्वी तिथे डॉक्टरच औषध द्यायचे. सरकार ठरवेल त्या दराने विम्यातून पैसे मिळत आणि डॉक्टर त्याहून स्वस्तात खरेदी करत. मधला फरक त्यांचा. १९७४ मध्ये सरकारने औषध न देता नुसती चिठ्ठी लिहिण्याचं शुल्क एकदम वाढवलं, शिवाय औषधांचे सरकारी दर बाजारातल्या खरेदीच्या भावाकडे खाली खेचत राहिले. फरक आटत गेला, तसतशा चिठ्ठ्या बाहेर जाऊ लागल्या. आज सत्तर टक्क्यांहून जास्त चिठ्ठ्या बाहेरच्या दुकानांत जातात. संप नाही, बंदी नाही, पण दशकं लागली.

गंमत पुढेच आहे. चिठ्ठ्या बाहेर गेल्या त्या हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या दुकानात. त्यांना नावच "फाटकापुढची दुकानं" असं आहे. दुकान हॉस्पिटलपासून स्वतंत्र हवं असा नियम, म्हणून आतून थेट जाता येऊ नये, सार्वजनिक रस्त्यावर येऊनच जायचं. त्यासाठी मध्ये चक्क कुंपण घातलेलं असायचं. दुकानाचं दार समोर दिसतंय, आणि व्हीलचेअरवरचे आजोबा कुंपणाला वळसा घालून रस्त्यावर येतात आणि पुन्हा आत शिरतात! २०१६ मध्ये तो नियम सैल केला. पैशाच्या व्यवहाराला कुंपण घालायचं होतं, घातलं आजोबांना. आता वेगळा उपाय आहे: एखाद्या दुकानाकडे बहुतेक चिठ्ठ्या एकाच ठिकाणाहून येत असतील, विशेषतः ते मोठ्या साखळीतलं असेल, तर औषध देण्याचं मूळ शुल्क कमी मिळतं.

खवचट मावशी

हे आवडलं. एकनिष्ठ दुकानाला दंड.

गोळीवाला

मावशी, दंड नाही पण चिमटा नक्की. आणि चिमटा योग्य जागी आहे. माझ्या पोस्टमधल्या "दहापैकी नऊ चिठ्ठ्या"ची दखल घेणारा नियम मी पहिल्यांदाच ऐकतोय.

कागदीघोडा

कायद्याच्या बाजूने थोडं. जर्मनीत डॉक्टर आणि औषधविक्रेता यांच्यात रुग्ण किंवा चिठ्ठ्या वळवण्याचे करार करायला बंदी आहे, आणि दुकानाच्या विक्रीवर वा नफ्यावर ठरणारं भाडंही चालत नाही. गोळीवाला यांनी सांगितलेला सोज्वळ कागद तिथे सोज्वळ ठरत नाही. तरी फटी राहिल्याच. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने म्हटलं की विमायोजनेतला खाजगी डॉक्टर हा सरकारी अधिकारी नाही, त्यामुळे त्याने कंपनीकडून पैसे घेतले तरी लाचखोरीचं तेव्हाचं कलम त्याला लागत नाही. मग २०१६ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या लाचेसाठी वेगळी कलमं आणावी लागली.

अमेरिकेत सरकारी योजनांच्या रुग्णांबाबत दलाली घेणं १९७२ पासून गुन्हा आहे. २०१० च्या कायद्याने कंपन्यांना डॉक्टरांना दिलेला पैसा जाहीर करावा लागतो, अगदी जेवणसुद्धा, आणि तो कुणीही नावानिशी शोधू शकतो. जाहीर करण्यावर माझा फारसा भरवसा नाही. रुग्ण दुखऱ्या गुडघ्याने आत जातो, संकेतस्थळ उघडून नाही. पत्रकारांना आणि सरकारी वकिलांना मात्र त्याचा उपयोग झालाय.

अनवट

धाग्याला खरंच चांगलं वळण लागलंय. आता माझा लाडका मुद्दा: टक्केवारी.

कर्करोगाची शिरेतून द्यायची औषधं बहुतेक वेळा दुकानातून येत नाहीत. डॉक्टर खरेदी करतो, देतो आणि बिल लावतो. म्हणजे दवाखानाच दुकान. अमेरिकेत २००५ पासून वृद्धांच्या सरकारी विम्यात याचा दर ठरतो तो सरासरी विक्रीकिंमत अधिक ६ टक्के असा. ६ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. १०० च्या औषधावर ६ आणि १०,००० च्या औषधावर ६००. दोन्ही सारखीच गुणकारी असली तर कोणतं लिहिलं जावं असं हे सूत्र सुचवतं? कुणी लाच दिली नाही, कायदा मोडला नाही. सूत्रच कानात बोलतंय.

त्याआधीचा काळ तर अधिकच वाईट होता. छापील भाव आणि खरेदीचा भाव यांत मोठी दरी असायची. २००१ मध्ये टॅप फार्मास्युटिकल या कंपनीने ल्युप्रॉन या प्रोस्टेट कर्करोगाच्या औषधाच्या प्रकरणात ८७.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. डॉक्टरांना फुकट नमुने द्यायचे आणि त्यांनी ते सरकारला विकत घेतल्यासारखे लावायचे, हाही त्यातला एक आरोप होता.

आता गंमत बघा. २००५ च्या नव्या सूत्राने दर घटल्यावर किमो कमी होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या अभ्यासात किमो मिळणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि ज्या औषधातला नफा सगळ्यात जास्त आटला होता ते मागे पडून ज्यात नफा टिकला होता ते पुढे आलं. उत्पन्न घटलं की माणूस ते भरून काढतो. त्यात डॉक्टर राक्षस आहे असं मी म्हणत नाही, पगार कापल्यावर आपणही जादा काम शोधतोच.

चीनमध्येही तेच. तिथल्या सरकारी हॉस्पिटलांना औषधावर १५ टक्के चढवायची मुभा होती. २००९ च्या सुधारणांपासून ती काढत काढत २०१७ पर्यंत सगळीकडे शून्यावर आणली. औषधाचा खर्च उतरला आणि बऱ्याच अभ्यासांत तपासण्यांचा व इतर सेवांचा खर्च चढलेला दिसला.

डॉ. निवृत्त

अनवटताई, मग तुमचं औषध काय? सगळ्यांना पगारावर ठेवायचं? पगारी डॉक्टर दुपारी घड्याळाकडे बघतो, हेही मी पाहिलंय.

अनवट

नाही, सगळ्यांना पगार नको. औषध देण्याचा मोबदला ठोक ठेवा, किमतीच्या टक्क्यांत नको. पुडी बांधायला स्वस्त गोळीला जेवढी मेहनत, तेवढीच महागड्या गोळीला. म्हणजे तुमच्या आडगावातल्या डॉक्टरलाही औषध देता येईल आणि महाग लिहून त्याचं काही वाढणार नाही. ठोक शुल्काचीही खोड आहेच: जास्त वेळा, थोडं थोडं द्यायचा मोह. पण तो मोह मोजता येतो, पकडता येतो.

डॉ. निवृत्त

हे मला चालेल. माझ्या काळात हे असतं तर अर्धे टोमणे वाचले असते.

नवखा_पाहुणा

मधे बोलतोय, माफ करा. आता तर अॅपवरच डॉक्टर, अॅपवरच औषध. तिथे कोण कोणाला पैसे देतं?

कागदीघोडा

चांगला प्रश्न. जाहिरात, डॉक्टर आणि औषध तिन्ही एकाच कंपनीचं असेल तर कोणी कोणाला देण्याची गरजच उरत नाही. डॉक्टरला कंपनी पैसे देते, रुग्ण एका ठरावीक औषधासाठीच जाहिरातीतून आलेला असतो, आणि "तुम्हाला याची गरज नाही" म्हणणारी भेट कंपनीच्या दृष्टीने वाया गेलेली. दलालीचे कायदे दोन वेगळ्या खिशांसाठी लिहिलेत, इथे खिसा एकच.

त्याहून सूक्ष्म प्रकार हवा असेल तर २०२० चं प्रॅक्टिस फ्यूजनचं प्रकरण. ही कंपनी डॉक्टरांना रुग्णनोंदीचं सॉफ्टवेअर द्यायची. अफूजन्य वेदनाशामकं बनवणाऱ्या कंपनीकडून पैसे घेऊन तिने डॉक्टरच्या पडद्यावर येणारी सूचना त्या औषधांच्या विक्रीला पोषक होईल अशी रचली. १४.५ कोटी डॉलर भरावे लागले. इथे डॉक्टरला दमडीही मिळाली नव्हती. त्याला वाटलं, यंत्र वैद्यकशास्त्र सांगतंय.

खवचट मावशी

म्हणजे आता मेव्हणाही लागत नाही.

गोळीवाला

शेवटी आमच्याच घरातलं एक लिहितो, नाहीतर डॉक्टरसाहेब म्हणतील आपलं झाकलं. काही देशांत आता फार्मासिस्टलाच लिहिण्याचा अधिकार मिळतोय. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात २००७ पासून, ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्यांना २००६ पासून, आणि २०२६ पासून तिथला प्रत्येक नवा फार्मासिस्ट पात्र होतानाच लिहिणारा असेल. म्हणजे आरोपी बदलला, कलम तेच. ब्रिटनमधल्या आमच्या नियामकाचं सांगणं असं की एकाच माणसाने शक्यतो लिहूही नये आणि देऊही नये, आणि रुग्णाच्या हितासाठी करावंच लागलं तर दुसऱ्याकडून तपासून घ्यावं, नोंद ठेवावी.

नवखा_पाहुणा, तुमच्यासाठी एक: चिठ्ठी कुठल्याही दुकानात चालायला हवी. डॉक्टरने विशिष्ट दुकानाचं नाव घेतलं तर "हे औषध दुसरीकडे मिळेल ना, नाही मिळालं तर त्याच घटकाचं दुसरं चालेल का?" एवढं विचारा, आणि घटकाचं नाव लिहून मागा. सरळ माणूस लगेच लिहून देतो. जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे कारण असू शकतं, काही औषधांत ब्रँड बदलणं खरंच धोक्याचं असतं, मिरगीच्या काही गोळ्या किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं. मग ते कारण त्याला एका वाक्यात सांगता येतं.

डॉ. निवृत्त

घटकाचं नाव मोठ्या अक्षरात मागा. आमची अक्षरं हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.